हरकतीची मुदत

जिल्ह्याच्या एका दैनिकात मी नऊ वर्षे मुद्रितशोधन केले. सुरुवातीची काही वर्षे जाहीर सूचनांचे पान माझ्याकडे असे. बारीक टायपातले ते पान कुणी वाचत नाही, असे कचेरीत सगळेच धरून चालत. खरेदीखताच्या नोटिसा, निविदा, नावात बदल आणि मधूनच नगरपालिकेची एखादी लांबलचक सूचना: अमुक कलमान्वये अमुक फेरबदल प्रस्तावित आहे, कुणाची हरकत असल्यास एका महिन्याच्या आत लेखी कळवावी. मी ऱ्हस्व-दीर्घ बघायची, सर्व्हे नंबर मूळ कागदाशी ताडून पाहायची आणि पान सोडायची.

अशाच एका सूचनेत शाळेमागच्या मैदानाचे आरक्षण उठवण्याचा प्रस्ताव होता. त्यात ‘मैदान’ हा शब्द ठळकपणे कुठे नव्हता. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, आरक्षण क्रमांक आणि हेक्टरमधले क्षेत्र, एवढेच. ज्या मैदानात मी लंगडी खेळले, जिथे माझा भाऊ सायकल शिकला, तेच हे, असे मला दीड वर्षाने कळले. तोवर तिथे तारेचे कुंपण पडले होते. गल्लीतली माणसे नगरपालिकेत गेली, मीही गेले. कारकुनाने फाईल काढून समोर ठेवली. सूचना प्रसिद्ध झाली होती, मुदतीत एकही हरकत आलेली नव्हती, पुढचे सगळे रीतसर झाले होते. फाईलला जोडलेले कात्रण आमच्याच पेपरचे होते. त्यातले आकडे मी स्वतः तपासलेले होते.

त्या दिवसापासून मी ते पान आधी वाचते. आणि गेली काही वर्षे जिथे जाईन तिथे हेच शोधत आले आहे, की सरकारचा एखादा निर्णय कागदावर उमटल्यापासून तो आपल्या दारात येईपर्यंत मध्ये किती दिवस असतात आणि त्या दिवसांत कोण काय करते. राजकारण म्हटले की आपल्याला सभा आठवतात, फ्लेक्स आठवतात, संध्याकाळी वाहिनीवर चालणारी भांडणे आठवतात. पण पाण्याची टाकी कुठे होणार, बाजाराची जागा कुणाला मिळणार, पोर कोणत्या भाषेत शिकणार, हे सगळे आधी कागदावर ठरते. त्यातल्या कित्येक कागदांवर एक तारीख असते. त्या तारखेपर्यंत आपले म्हणणे ऐकून घेणे सरकारवर कायद्याने बंधनकारक असते. तारीख टळली की उरतो तो मोर्चा नाहीतर कोर्ट, आणि दोन्ही महाग.

मुंबईच्या विकास आराखड्याचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. २०३४ पर्यंतच्या शहराचा प्रारूप आराखडा महापालिकेने फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. नगररचना कायदा १९६६ चा, त्यात प्रारूपावर लोकांच्या हरकती मागवण्याची तरतूद आहे. असे आराखडे यापूर्वीही आले होते आणि नगररचनाकार, वास्तुविशारद, बांधकाम व्यावसायिक यांच्यापलीकडे फारसे कुणी त्यांच्या वाटेला गेले नव्हते. या वेळी मात्र माणसे नकाशे घेऊन आपापल्या गल्लीतून फिरली. नकाशा हातात धरायचा, कोपऱ्यावर उभे राहायचे आणि समोर जे दिसते ते कागदावर आहे का ते बघायचे. पुष्कळ ठिकाणी नव्हते. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तूंच्या नोंदी चुकल्या होत्या. गावठाणे आणि कोळीवाडे यांच्या हद्दीचा प्रश्न कोळी बांधवांनी उचलला. आरे वसाहतीचा हिरवा पट्टा बांधकामाला खुला होणार म्हणून पर्यावरणवाले उठले. हरकती पन्नास हजारांच्या वर गेल्या. मुदत संपायला काही दिवस असतानाच, एप्रिल २०१५ मध्ये, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा रद्द करून नव्याने करायला सांगितले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि मंजुरी मिळायला २०१८ उजाडले. नवा आराखडा निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. पण ज्यांच्या घरावरून रेघ गेली होती त्यांना ती रेघ कागदावर असतानाच दिसली. आमच्या गल्लीच्या नशिबी ते आले नाही.

राज्य पातळीवर असा कागद म्हणजे शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात. तो मराठीत निघतो, सरकारच्या संकेतस्थळावर ठेवला जातो आणि कुणालाही फुकट वाचता येतो. आधी विषय, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय, शेवटी संकेतांक आणि ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ. प्रस्तावनेत सगळे गोड असते. वाचायचा असतो तो तिच्या खालचा भाग, आणि तोही एकेक शब्द धरून.

२०२५ मध्ये महाराष्ट्राने हे करून पाहिले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. ओरड झाली. सरकारच्याच भाषा सल्लागार समितीने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विरोध कळवला. मंत्र्यांनी ‘अनिवार्य’ शब्दाला स्थगिती असल्याचे सांगितले आणि प्रकरण निवल्यासारखे वाटले. मग १७ जूनला दुसरा निर्णय निघाला. त्यात ‘अनिवार्य’ नव्हते, ‘सर्वसाधारणपणे’ होते. हिंदी ही सर्वसाधारणपणे तिसरी भाषा असेल. एखाद्याला दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास वर्गातल्या किमान २० विद्यार्थ्यांनी तशी इच्छा दाखवली पाहिजे, मगच शिक्षक मिळेल, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल. माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून तिच्याकडे १७ मुले आहेत. तो कागद तिने फोनवर मला वाचून दाखवला आणि म्हणाली, “अगं, माझी सगळी शाळा एका वर्गात बसवली तरी वीस होत नाहीत. मग हे अनिवार्यच झालं ना?” राज्यभरातल्या शिक्षकांनी, पालकांनी हेच गणित मांडले. जूनच्या त्या पंधरवड्यात ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द लोकांच्या बोलण्यात असा काही आला, की सरकारला त्याच्याआड राहणे जमेना. पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, २९ जूनला, दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हिंदीसक्तीविरोधात ५ जुलैला निघणाऱ्या मोर्चाचा वरळीत विजयी मेळावा झाला तो त्यामुळे. मेळाव्यातली भाषणे सगळ्यांनी पाहिली. मला मात्र फोनवर जीआर वाचणारी माझी मैत्रीण आठवत राहते.

दर वेळी असे यश येत नाही, हेही सांगायला हवे. राज्य सरकारचे जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा सभागृहात आले, पुढे ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि समितीने लोकांकडून सूचना मागवल्या. बारा हजारांहून अधिक आल्या. समितीने मोजके बदल सुचवले आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झाले. ज्यांनी रात्री जागून कलमवार टिपणे काढून पाठवली त्यांतले काही मला भेटले, ते खट्टू होते. तरी त्या टिपणांमुळेच कायद्यातल्या व्याख्या किती सैल आहेत याची चर्चा तालुक्याच्या वाचनालयांपर्यंत पोहोचली. त्या हरकती आता नोंदीत आहेत. उद्या कायदा चुकीच्या माणसावर चालवला गेला, तर ‘हे कुणी लक्षात आणून दिले नव्हते’ असे कुणाला म्हणता येणार नाही.

आता आपल्या अगदी जवळच्या कागदांकडे येते. २०२५ च्या सप्टेंबरअखेर राज्यातल्या बहुतेक महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईत २०२० पासून लोकनियुक्त सभागृह नव्हते, मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून नव्हते. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचे वाद यांत निवडणुका अडकल्या होत्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले, आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घालून दिली. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यावर बोलायला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासनाने मांडला, प्रशासकांनीच मंजूर केला. २०२० मध्ये जिने अठरावे वर्ष ओलांडले, ती मुलगी २०२५ मध्ये तेवीस वर्षांची झाली, आणि नवी मुंबईत राहत असेल तर तिने आपल्या महापालिकेसाठी तोवर एकदाही मत दिलेले नव्हते. गटार तुंबल्यावर कुणाला फोन करायचा हे तिला ठाऊक नव्हते, यात तिचा काय दोष?

या निवडणुकांच्या तयारीत प्रभागांचे प्रारूप नकाशे जाहीर झाले आणि हरकती मागवल्या गेल्या. एका शहरात मी ते पाहायला गेले. क्षेत्रीय कार्यालयाच्या जिन्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी, नकाशे चिकटवलेले होते. इच्छुक उमेदवारांची माणसे मोबाईलवर फोटो काढून निघून जात होती. तेवढ्यात दोन बायका आल्या. एक घरकाम करणारी, दुसरी तिची शेजारीण. त्यांना आपली वस्ती सापडेना. आम्ही तिघींनी मिळून आधी नाला शोधला, मग रेल्वेचा रूळ, मग देऊळ. वस्ती सापडली तेव्हा कळले, की सीमारेषा तिच्या मधल्या बोळातून गेली आहे: अर्धी घरे एका प्रभागात, अर्धी दुसऱ्यात. सीमा शक्यतो नाला, रस्ता, रूळ अशा ठळक खुणांवरून जावी आणि वस्त्या फोडू नयेत, असे प्रभागरचनेचे निर्देश असतात. शेजारीण म्हणाली, “म्हणजे आमच्या नळाला एक नगरसेवक आन् हिच्या नळाला दुसरा.” त्यांनी तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसून, साध्या कागदावर अर्ज लिहिला. मी फक्त प्रभाग क्रमांक लिहून दिले. आवक विभागात तो देऊन पोच घेतली, पोचेवर शिक्का आणि तारीख नीट उमटली आहे ना हे दोनदा पाहिले. त्या हरकतीचे काय होणार, ते अंतिम रचना हाती आल्यावरच समजणार होते. पण इतक्या वर्षांत त्या कार्यालयात आपण पहिल्यांदाच रेशनकार्डाखेरीज दुसऱ्या कामासाठी आलो, असे घरकाम करणारी ती बाई मला परतताना म्हणाली.

मतदारयादीचीही तशीच गोष्ट. या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ रोजीची विधानसभेची मतदारयादी धरली गेली. अशी यादी प्रभागनिहाय फोडली जाते, आणि फोडताना नावे इकडची तिकडे जातात. प्रारूप यादी लागल्यावर हरकतीचे दिवस थोडेच असतात. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन ‘माझे नाव कुठे गेले’ म्हणून भांडणाऱ्या माणसाचा राग मला समजतो. पण त्या दिवशी कुणीही त्याचे काही करू शकत नाही.

खेड्यात हे सगळे ग्रामसभेशी येऊन थांबते. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, त्याला तीस वर्षे उलटून गेली. वर्षाला किमान चार ग्रामसभा, गणसंख्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी कमी असेल ती, आणि ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र महिला सभा, असे आपला कायदा सांगतो. गणसंख्या भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. म्हणून कुठे कुठे पहिली सभा तहकूब व्हावी अशीच वेळ निवडली जाते, खुरपणीच्या ऐन दिवसांतली किंवा बाजारवारची. नंतरच्या सभेला वीस माणसे बसतात आणि वर्षाचा आराखडा मंजूर होतो.

याच्या अगदी उलट टोकाला गडचिरोलीतले मेंढा (लेखा) आहे. धानोरा तालुक्यातल्या या लहानशा गोंड गावाचे नाव सगळ्यांनी ऐकलेले असते, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणाही. गावचे नेते देवाजी तोफा यांच्याबद्दल लिहिले जाते. पण तिथला अभ्यास गट मला घोषणेपेक्षा मोठा वाटतो. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तो रुजवला. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. अभ्यास गटात निर्णय होत नाहीत. तिथे बसून विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, कायदा वाचायचा, पुन्हा विचारायचे. माश्या न मारता मध कसा काढता येईल, हासुद्धा तिथे अभ्यासाचा विषय झाला. निर्णय होतो तो ग्रामसभेत, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा, बहुमताने रेटायचा नाही. बाहेरच्याला हे वेळखाऊ वाटते. मलाही वाटत असे.

बांबूच्या लढाईत या वेळाची किंमत कळली. वनहक्क कायदा २००६ चा. मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला. पण बांबू तोडून विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि वनविभाग तो देईना, कारण जुन्या वन कायद्यात बांबू हे झाड होते. गावाने वनहक्क कायद्यातली व्याख्या पाठ केली होती: गौण वनोपजात बांबू येतो, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. त्या एका शब्दावर गाव ठाम राहिले. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देशाच्या वन कायद्यात जंगलाबाहेरच्या बांबूपुरती दुरुस्ती व्हायला २०१७ उजाडले.

तहकूब ग्रामसभेप्रमाणे गैरहजेरीही मोजली जाते, याचे आणखी एक उदाहरण बायकांना चांगले माहीत आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावात किंवा वॉर्डात दारूचे दुकान बंद करायचे तर आधी २५ टक्के महिलांनी मागणी करायची, मग मतदान: उभी बाटली (दुकान राहू दे) की आडवी बाटली (बंद करा). आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मते मिळून पुरत नाहीत. यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी त्या दिवशी कामावर गेली, माहेरी गेली, नवऱ्याच्या धाकाने घरी राहिली, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीकडे जाते. अशा मतदानाच्या आदल्या रात्री बचत गटाच्या बाया घरोघर फिरून उद्या कोण कुठे असेल ते लिहून घेताना मी पाहिल्या आहेत. ऊसतोडीला गेलेल्या सुनेला फोन लावणारी सासू पाहिली आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामसभेला बसले होते. मारुतीच्या पारावर सतरंजी, मागे खुर्च्या. पुरुष खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. ग्रामपंचायत अधिकारी टेबलाशी. पदाचे नाव २०२४ मध्ये बदलले तरी गाव त्यांना ‘भाऊसाहेब’च म्हणते. या गावातल्या आठ-दहा बाया तोवर दोन वर्षे दर शनिवारी अंगणवाडीत जमून ग्रामपंचायतीचे नमुने समजून घेत होत्या. ग्रामपंचायतीचा सगळा हिशेब १ ते ३३ नमुन्यांत असतो: नमुना १ अंदाजपत्रकाचा, नमुना ५ रोकडवहीचा, नमुना ८ घरपट्टीच्या आकारणीचा. पहिल्या वेळी नमुना ५ ची नक्कल मागितली तेव्हा ‘तुम्हाला काय करायचं त्याचं’ असे उत्तर आले. मग त्यांनी माहितीचा अधिकार वापरला. अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांच्या आत एकच विषय, तीस दिवसांची वाट. हा कायदा देशात २००५ ला आला, महाराष्ट्राने स्वतःचा त्याआधीच केला होता. तिसाव्या दिवशी नक्कल मिळाली. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते अंगणवाडीच्या रंगकामावर दाखवले होते. ज्या अंगणवाडीत बसून त्या ती नक्कल वाचत होत्या, तिच्या भिंतीचे पोपडे त्यांच्या वहीवर पडत होते.

ऑगस्टच्या सभेत त्यांनी ते विचारले. आवाज चढवला नाही. सरपंच नवे, खर्च त्यांच्या आधीच्या काळातला, वगैरे बोलणे झाले. पारावरचे दोघेतिघे उठून गेले. पाऊण तासाने ठराव झाला: रंगकामाची चौकशी करून पुढच्या सभेत अहवाल ठेवायचा. भाऊसाहेबांनी तो इतिवृत्तात लिहिला, पान उलटवले आणि सह्यांसाठी वही फिरवायला दिली.

वही सतरंजीवर आली तेव्हा पुढे बसलेल्या काकूंनी सही केली नाही. पन्नाशीच्या असतील, चौथी शिकलेल्या, बोट ठेवून अक्षर अक्षर वाचणाऱ्या. त्यांनी पान मागे उलटवले.

“भाऊसाहेब, ठराव झाला का लिहून?”

“झाला की, काकू.”

“मग ही खालची जागा मोकळी का सोडली?”

पानाच्या तळाशी सहा-सात ओळींची जागा कोरी होती. कोऱ्या जागेत नंतर ठराव कसे उगवतात, हे त्या शनिवारच्या वर्गात शिकल्या होत्या. भाऊसाहेब काही तरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. काकूंनी शेजारणीच्या मुलीकडून पट्टी आणि पेन घेतले, ठरावाच्या शेवटच्या शब्दाखालून पानाच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढली, आणि मग रेघेला चिकटून, सावकाश, आपले पूर्ण नाव लिहिले.